नावाआधीचं उद्गारचिन्ह

चंद्रपुरात उन्हाळ्याच्या दुपारी माणसं सरकारी शीतघरांत आसऱ्याला जात. कुणासाठी दार उघडायचं, हे एक प्रोग्राम ठरवत असे. तेव्हाचे अधिकारी वैरागडे साहेब यांनी गर्दी कमी करण्यासाठी त्याच्या अटीत ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ घालायला लावलं. आता माणूस साठीच्या पुढचा आणि आजारीही असायला हवा होता. रेवती भोयरची आई म्हातारी होती, पण धडधाकट. ती बंद दाराबाहेर उन्हानं गेली.

पुढे नोकरीत तोच प्रोग्राम रेवतीच्या हाती आला. तिनं ‘किंवा’ परत आणला. मग शेवटी स्वतःचा एक ‘आणि’ जोडून वैरागड्यांचं नाव लिहिलं आणि नावाआधी उद्गारचिन्ह टाकलं. प्रोग्रामच्या भाषेत त्याचा अर्थ ‘हा नाही’.

आज निवृत्त वैरागडे त्या फिरत्या दारापाशी उभे होते. दार एकेकाला आत घेत होतं, त्यांच्यापुढे मात्र अडत होतं. त्यांनी मदतीचं बटण दाबलं. रेवतीच्या पडद्यावर त्यांचा लालबुंद चेहरा आला.

“मॅडम, सगळे आत जाऊन राहिले. मलेच काहून नाही?”

“साहेब, माझी आई याच दाराबाहेर गेली. तुमच्या ‘आणि’मुळे.”

वैरागडे भिंतीला टेकले. रेवतीला एवढंच ऐकवायचं होतं. तिचा हात त्यांच्या नावाची अट पुसायला पुढे झाला.

“कोणती म्हणता, बाई?” त्यांनी घाम पुसत विचारलं. “तवा बरेच जण गेले होते.”

रेवतीनं हात मागे घेतला आणि पडदा बंद केला.