दर पुस्तकात एक फुली

न्हाणीघराची कडी वाजली तसे सेनापती मुलाच्या खोलीत शिरले आणि त्याच्या उशाशी पडलेलं पुस्तक त्यांनी उचललं. पुस्तक त्यांचंच होतं, आठवं. चाळून पाहिलं, तर दोनशे बाराव्या पानाच्या समासात पेन्सिलीची बारीकशी फुली.

म्हणजे संशय खरा होता तर.

सेनापती हे नाव त्यांना वाचकांनी दिलेलं. आयुष्यात त्यांनी बंदूक हातात धरली नव्हती. ऐन विशीत भरतीला गेले, तर डॉक्टरने तळपाय सपाट आहेत म्हणून पाच मिनिटांत वाटेला लावलं. मग नकाशे काढायच्या कचेरीत चिकटले. दिवसभर खऱ्या जमिनीचे नकाशे काढायचे आणि घरी येऊन एका नसलेल्या राज्याचे. त्या राज्यात त्यांनी पंखवाल्या घोड्यांची पलटण उभी केली, आग ओकणारे बैल तोफांना जुंपले, आणि सव्वीस वर्षांत नऊ कादंबऱ्या लिहिल्या. वाचकांना त्यातल्या लढाया तारीखवार पाठ होत्या. एखाद्या समारंभात कुणी निवृत्त अधिकारी “तुमची पलटण कोणती?” असं विचारायचा, तेव्हा मात्र ते हसून चहाकडे वळायचे.

मुलगा खरा शिपाई होता. सहा वर्षं सीमेवर काढलेली. बापाच्या पुस्तकांना त्याने आजवर हातही लावला नव्हता. या खेपेला सुट्टीवर आला आणि दुसऱ्याच दिवशी कपाटापुढे जाऊन उभा राहिला. पहिलं पुस्तक काढलं, ते संपवून दुसरं, मग तिसरं. मित्रांकडे नाही, बाजारात नाही. आतल्या खोलीत पडदा ओढून पडायचं आणि वाचायचं. कधी पानंच्या पानं भराभर उलटायचा, मध्येच थांबायचा आणि कानावरची पेन्सिल काढायचा. सेनापती दारावरून गेले की पुस्तक मिटायचा.

सेनापतींची झोप उडाली. बापाच्या चुका काढतोय, दुसरं काय? तिकडे बराकीत बसून चौघांना वाचून दाखवेल, पोट धरधरून हसतील. त्यांनी बायकोजवळ विषय काढला. ती इस्पितळात परिचारिका होती, ड्यूटीला निघायच्या घाईत होती. वाचतोय तर वाचू दे की, एवढंच ती म्हणाली आणि त्यांच्याकडे न बघता चपला घालू लागली. तेही त्यांना खटकलं.

आता त्यांनी दोनशे बारावं पान वाचलं. लढाईच्या आदल्या दिवशी एक पोरगा छावणीतून निसटतो, त्याला वेशीवर फाशी देतात. यात चूक काय? दोराची लांबी? गाठ? त्यांनी पुन्हा वाचलं. चूक सापडेना. मग त्यांनी कपाटातली बाकीची पुस्तकं भराभरा उतरवली. पहिल्यात फुली होती, तिथे पळून गेलेल्या शिपायाचा शिरच्छेद. तिसऱ्यात पळालेल्याला बैलांपुढे टाकलं होतं. पाचव्यात सख्ख्या भावाकडून बाण मारवला होता. नववं सोडलं तर दर पुस्तकात एक फुली, आणि दर फुलीला तोच प्रसंग, फक्त कपडे बदललेला.

सेनापतींचे कान तापले. सव्वीस वर्षांत हे एकाही समीक्षकाच्या ध्यानात आलं नव्हतं. वाचकांना तो प्रसंग आवडायचा आणि त्यांना तो एका बैठकीत जमायचा, म्हणून दर वेळी ऊन करून वाढला होता. पोराने दोन आठवड्यांत चोर पकडला.

मुलगा डोकं पुसत आत आला. पलंगभर पसरलेली पुस्तकं पाहून दारातच थबकला.

“बाप तेच तेच लिहितो, हे दाखवायचंय ना तुला?” सेनापती म्हणाले. “दाखव. सगळ्यांना दाखव.”

मुलाने टॉवेल खांद्यावर टाकला.

“नाही बाबा,” तो म्हणाला. “यातला एक तरी घरी पोचतो का, ते बघत होतो.”

सेनापतींना आधी काही कळलंच नाही. मग तो हळूहळू सांगत गेला. सुट्टी मिळालीच नव्हती. एका सकाळी चौकीवरून पाणी भरायला म्हणून निघाला तो चालतच राहिला. पुढे एक ट्रक मिळाला, मग आगगाडी. का, ते त्याला धड सांगता येईना. हात थरथरतात, बंदूक उचलली की थरथरतात, इतकंच तो दोनदा म्हणाला. आईला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. बाबांना सांगायचं धाडस होईना, म्हणून बाबांचं मत पुस्तकांत शोधत बसला होता. नववं तेवढं उरलं होतं.

नवव्यात काय आहे हे सेनापतींना ठाऊक होतं. त्यांनी ते पुस्तक उचललं आणि स्वतःच्या मांडीखाली सारलं. परत जावं लागेल, हे दोघांनाही दिसत होतं. बरोबर मी येईन, आधी एखाद्या वकिलाला भेटू, डॉक्टरला हात दाखवू, असं ते कसंबसं बोलले. मुलगा मान हलवत होता, पण त्याचे डोळे अजून त्या पुस्तकांवरच होते.

“म्हणजे एकही नाही पोचत,” तो म्हणाला.

सेनापतींनी त्याचा ओला हात आपल्या हातात घेतला. तो खरंच थरथरत होता.

“एक पोचलाय,” ते म्हणाले.