दोन सायकलींची जागा

“सायकली लटकवायचं कॅरियर स्वस्तात मिळेल,” फिटर म्हणाला. “पण या बाईंच्या सायकलला वरचा दांडाच नाही. लटकवणार कशाला?”

“मग चाकं टेकवायचं दाखवा,” म्हातारा म्हणाला.

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून काउंटरवर पसरला. जन्मभर नकाशे आखलेल्या माणसाचं अक्षर होतं. तिची बॅटरीवाली सायकल चोवीस किलो, दुसरी चौदा. घरातल्या वजनकाट्यावर सायकल उचलून उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, अशी त्याने ती मोजली होती. चोवीस किलोवाली उचलून दोन दिवस कंबर धरली होती. गाडीच्या मागे जोडणीसाठी असलेल्या टो बारच्या गोळ्यावर पंचाहत्तर किलो चालतात, हे त्याने मागच्या खेपेला गाडीखाली वाकून पट्टीवर वाचलं होतं.

“कॅरियरचे एकोणीस धरा. सत्तावन्न झाले. आरामात,” फिटर म्हणाला. “आजोबा, इथेच लागा कामाला.”

“माझे नखरे परवडायचे नाहीत तुम्हाला.”

ती दारापाशी सायकलचं हँडल धरून उभी होती. तिचा नवरा गाडी मागे घेत होता. सामान सकाळीच डिकीत भरून झालं होतं.

लग्नाला अडीच महिने झाले होते. नवऱ्याची नोकरी चारशे किलोमीटरवर. तो दोनदा तिला न्यायला आला आणि दोनदा एकटाच परतला. पहिल्यांदा म्हाताऱ्याचा खोकला आडवा आला. दुसऱ्यांदा सायकल. तिथे कामावर जायला ती लागणारच आणि गाडीत ती मावेना, म्हणून पुढच्या महिन्यात बघू, असं ठरलं. नवरा काही बोलला नव्हता. त्याचं ते न बोलणंच म्हाताऱ्याला खटकलं होतं. आज तो तिसऱ्यांदा एकटा गेला, तर चौथ्यांदा येणार नाही.

म्हणून कॅरियर.

“हे लावल्यावर डिकी उघडेल का?” तिने विचारलं. “वाटेत काही काढायचं म्हटलं, तर पंचाईत नको.”

फिटरने पायाने खटका दाबला. कॅरियर मागे कललं. “उघडते, बाई.”

“पण याच्या दिव्यांचा प्लग तेरा पिनांचा आहे. गाडीचं सॉकेट सात पिनांचं,” ती म्हणाली.

“अ‍ॅडॉप्टर आणलंय मी,” म्हातारा म्हणाला आणि दुसऱ्या खिशात हात घातला.

“तुमची तयारी दांडगी आहे, बाबा.”

“तुझ्या सबबींपेक्षा एखादी जास्तच ठेवावी लागते.”

ती हसली नाही. “तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या?”

“डबीत आहेत.”

“डबीत असतात. पोटात कुठे जातात?”

“गेली सहा वर्षं तू काढून हातावर ठेवतेस, म्हणून मला सवय नाही. लागेल. मी काय तान्हं बाळ आहे?”

फिटरने कॅरियर गोळ्यावर बसवलं, कडी आवळली आणि दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. ढिम्म हललं नाही. जादा नंबर प्लेट त्याने मागे अडकवली. जड सायकल आत, गाडीच्या बाजूला, हलकी बाहेर. हलकी सायकल म्हाताऱ्याने घरापासून हाताने ढकलत आणली होती. जुनी होती, पण साखळीला ताजं तेल दिलेलं होतं.

“ही सीट कुणाच्या मापाची?” फिटर म्हणाला. “ताडमाड दिसतोय गडी.”

“माझ्या मुलाची आहे. तो नाही आता चालवत. आता हे चालवतील.” म्हाताऱ्याने नवऱ्याकडे बोट दाखवलं. “या जावईबापूंच्या मापाने खाली घ्या.”

“म्हणजे मेहुण्याची सायकल पळवली म्हणायची!” फिटरने नवऱ्याला डोळा घातला.

कुणी हसलं नाही. नवरा म्हणाला, “नको, बाबा. ही राहू दे तुमच्याकडे.”

“भिंतीला टेकून गंजेल. दोघं मिळून जात जा कुठेतरी.”

ती वळून बाहेर बघत राहिली. फिटरने सीट चार बोटं खाली घेतली.

शेवटी दिवे. नवरा आत बसून एकेक लावत होता, ती मागे उभी राहून सांगत होती. डावा. उजवा. ब्रेक.

“ब्रेकचा लागत नाहीये,” ती म्हणाली.

फिटर वाकला. दोन्ही दिवे लालभडक पेटले होते. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पाना पुसायला घेतला.

“लागलाय,” म्हातारा म्हणाला. “तू जा.”

“मला नाही दिसत, बाबा.”

“डोळे पूस, म्हणजे दिसेल. उशीर करू नकोस. अंधार पडायच्या आत पोचायचंय तुम्हाला.”

ती वाकून पाया पडली, उठून त्याच्या खांद्याला कपाळ टेकवून थोडा वेळ तशीच राहिली. मग गाडीत बसली. नवऱ्याने काच खाली करून हात जोडले. गाडी फाटकातून बाहेर पडली, कोपऱ्यावर क्षणभर थांबली. मग डावीकडचा दिवा लुकलुकला आणि गाडी वळली.

फिटरने आतून स्टूल आणून ठेवलं. म्हातारा बसला. फाटकाकडेच बघत होता.

“माझी मोठी गेल्या वर्षी सासरी गेली,” फिटर म्हणाला. “आठवडाभर घास उतरला नाही. पण लेकीची जातच तशी, आजोबा. कितीही लांब गेली, तरी माहेराकडे धावतेच.”

“तिचं माहेर दुसरीकडे आहे,” म्हातारा म्हणाला. “माझ्या घरी ती सून म्हणून आली होती.”