उजवा ठोसा कुठून मारायचा
शेवटची फेरी उरली होती, गुण समसमान होते आणि जिंकणारीच पनामाच्या संघात जाणार होती. साठ सेकंद विश्रांती. “वस्ताद, माझा सरळ उजवा ठोसा लागतच नाही. योमारा दर वेळी खाली वाकते.” पन्नास. “मग बरगडीत हाण.” “तिचं कोपर तिथेच असतं.” चाळीस. “असणारच,” वस्ताद माझ्या मानेवर बर्फ घासत म्हणाले, “तिलाही मीच घडवलंय.” वीस. मला त्यांच्या अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी आठवली. तिच्याखालूनच आम्ही दोघी वाकायला शिकलो. योमारा आजही नेमकी तेवढीच वाकत होती. दहा. “खालून वर मारते,” मी म्हटलं. घंटा. सरळ ठोशाची हूल दिली, ती वाकली आणि माझा उजवा तिच्या हनुवटीला भेटला. निकालानंतर तिनं मला मिठी मारली. “सटवे, मीही फेरीभर तुझ्या वाकण्याचीच वाट बघत होते गं.”