पेनीची नात

मर्टलआत्याच्या घरी जेवायला बसताना वेस्लीनं मुद्दाम खिडकीकडे पाठ येईल अशी खुर्ची धरली, आणि लेलँडला हसू आवरेना. लेलँड त्याचा आतेभाऊ. अमेरिकेतल्या क्रो या मूलनिवासी लोकांत आतेभावाला थट्टेचा पूर्ण हक्क, आणि लेलँड तो हक्क कधी वाया घालवत नसे. येताना गाडीत त्यानं वेस्लीची पार सालटी काढली होती. जन्मभर घोडे वाटत सुटलास आणि आता म्हातारपणी त्यांची पोरंबाळं हुडकत फिरतोस, हे एकच पालुपद.

खोटं नव्हतं ते. वेस्लीची पेनी, पंचकल्याणी घोडी, हिवाळ्यात गेली. तिचं प्रत्येक शिंगरू त्यानं देऊन टाकलं होतं. घरात काही चांगलं झालं की सगळ्यांदेखत दान करायचं, आणि द्यायचं तर जिवाजवळचंच द्यायचं, ही इथली रीत. रीत सांभाळता सांभाळता पेनीच्या रक्ताचं दावणीला काहीच उरलं नाही, हे ती गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. मग शोध सुरू झाला. एक शिंगरू वीज पडून मेलेलं. एक हातोहात विकलं जाऊन बेपत्ता झालेलं. एक वायोमिंगात सापडलं, पण ते खच्ची केलेलं. राहिली होती मर्टलआत्याला दिलेली शिंगरी. तीही गेल्या साली गेली, मात्र तिच्या पोटची एक मागे होती. तीच आता खिडकीबाहेर बांधलेली होती.

मर्टल सख्खी आत्या नव्हे, बापाच्या कुळातली; पण मान सख्खीहून जास्त. वेस्लीचा मुलगा लढाईवर गेला तेव्हा तिनं देवदाराचा धूर करून त्याच्यासाठी प्रार्थना केली होती. पोरगा धडधाकट परत आला, म्हणून तिला ती शिंगरी दिली. असलं दान परत मागायचं म्हणजे प्रार्थनाच परत घेण्यासारखं. आणि नुसतं कौतुक करायचीही पंचाईत. इथे कुणाच्या घरी गोधडी छान आहे म्हणालात, तर ती घडी करून तुमच्या मांडीवर ठेवतील. वेस्लीनं ठरवलं होतं, फक्त बघायचं. पण गाडीतून उतरताना पेनीची ती नात एकदा दिसली, अगदी पेनीचीच मान, आणि त्याला कळलं की पुन्हा बघितलं तर तोंड उघडल्याशिवाय राहणार नाही.

म्हणून तो रस्त्याबद्दल बोलला, बर्फाबद्दल बोलला, आपल्या गुडघ्यांबद्दल तर फारच बोलला. आणलेलं एल्क हरणाचं मांस आत्यानं ठेवून घेतलं आणि उकडलेलं मांस, तळलेली भाकरी, रानबोरांचा गोड रस असं पोटभर वाढलं. बाहेर शिंगरी खिंकाळली. वेस्लीनं आणखी भाकरी मागितली. मान आखडली की काय तुझी, असं लेलँडनं विचारूनही पाहिलं.

"खुर्ची बदल हवी तर," आत्या म्हणाली. "इकडून बाहेरचं चांगलं दिसतं."

"ऊन लागतं गं डोळ्यांना."

बाहेर आभाळ गच्च भरलेलं होतं.  आत्यानं ताटं उचलली.

जेवणं आटोपल्यावर लेलँड गाडी काढायला गेला आणि वेस्ली मोरीत हात धुवायला. परत आला तेव्हा आत्या फोन खाली ठेवत होती. काठी टेकत ती त्याला सोडायला दारापर्यंत आली.

"पेनी गेल्याचं कानावर आलं होतं," ती म्हणाली. "तू येतोयस म्हटल्यावर नातीकडून ही शिंगरी सकाळीच धुवून घेतली. मुद्दाम खिडकीशी बांधली. तू दिलेलं मी आपणहून तुला परत कसं देणार? तो तुझा अपमान झाला असता. म्हटलं, एक शब्द बोलेल. नुसतं बरी आहे म्हणालास तरी दोर हातात ठेवला असता. पण तू वळूनही बघितलं नाहीस. मला वाटलं, तुझ्या मनाला आली नाही."

वेस्लीनं तोंड उघडलं, पण तिचं संपलं नव्हतं.

"शनिवारी नातीला रीतीनं तिचं मोठेपणीचं नाव द्यायचंय, तेव्हा दान करायला हवं. डकोटाहून पाहुणे येताहेत. आत्ताच त्यांना फोन करून सांगितलं, ही शिंगरी तुमची म्हणून."

बोललं म्हणजे दिलं. त्यात आता फिरवाफिरव नाही, हे वेस्लीइतकं कुणाला ठाऊक? जन्मभर त्यानं तेच केलं होतं. लेलँड गाडीपाशी उभा राहून सगळं ऐकत होता. त्यानं आत हात घालून इंजिन बंद केलं.

वेस्ली शिंगरीपाशी गेला. आता ती परक्याची झाली होती, आता कौतुकाला कुणाची ना नव्हती. त्यानं तिच्या मानेवरून हात फिरवला आणि बोलत सुटला. छाती कशी भरली आहे बघ म्हणाला. कान बघ, एक पुढे, एक मागे. हिची आजी अशीच सगळ्यांचं ऐकायची. पाहुण्यांना सांग, पाण्यात शिरताना ही अडून बसेल, तेव्हा ओढू नका. आपणही मुकाट उभं राहायचं, मग स्वतःहून येते. पेनी यायची. तो थांबेना. मनात हिवाळ्यापासून साठलेलं सगळं त्यानं त्या जनावरापाशी ओतलं.

आत्या काठीवर भार देऊन ऐकत राहिली. मग जवळ येऊन तिनं त्याचं मनगट धरलं.

"हे मघाशी का नाही बोललास, पोरा?"

"मघाशी बोललो असतो," वेस्ली म्हणाला, "तर तू ती मला दिली असतीस."