मधला दगड

“आभाळ हेच आमचं छप्पर आणि समुद्र हेच आमचं अंगण!” साहेबांनी फोनवर मेहुण्याला ठणकावून सांगितलं. सांगताना त्यांचे दोन्ही पाय गरम पाण्याच्या टबात होते आणि मान वाकडी होती, कारण व्हॅनमध्ये सरळ बसलं की डोकं कपाटाला लागायचं.

“म्हणजे परत यायचा विचार नाही?” मेहुण्याने विचारलं.

“परत? नावसुद्धा काढू नकोस,” साहेब म्हणाले आणि फोन ठेवून हळूच कण्हले.

निवृत्त झाल्यावर फ्लॅट भाड्याने द्यायचा, झोपायची-रांधायची सोय असलेली व्हॅन घ्यायची आणि किनाऱ्यावरच्या डोंगरवाटा एकेक करून पायी पालथ्या घालायच्या, ही कल्पना साहेबांचीच. निरोपसमारंभात त्यांनी ती माइकवरून जाहीर केली होती, त्यामुळे आता गिळता येत नव्हती. जन्मभर जमिनी मोजलेल्या माणसाला चालायला काय लागतं, असं ते तेव्हा म्हणाले होते. गुडघा लागतो, हे चालायला लागल्यावर कळलं.

भाडेकरूला आणखी एक वर्ष राहायचं होतं आणि आज संध्याकाळपर्यंत त्याला उत्तर हवं होतं. फ्लॅट बाईंच्या, म्हणजे साहेबांच्या बायकोच्या, नावावर, तेव्हा फोन बाईच करणार. त्याआधी आपण तोंड उघडलं नाही तर आणखी एक वर्ष या डब्यात काढावं लागणार, हे साहेबांना कळत होतं. पण सकाळी बाई घाईत असत आणि रात्री जेवण झालं की दोघांपैकी कोणीच जागं नसे. बोलायला जागा एकच उरली होती. मधला दगड.

तीही व्यवस्था साहेबांचीच. वाट लांब, गाडी एक, आणि गेलेल्या वाटेने पुन्हा परत येणं साहेबांच्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणून बाई रोज सकाळी साहेबांना एका टोकाला सोडत, गाडी घेऊन दुसऱ्या टोकाला जात, ती तिथे लावून उलट्या चालत येत. साहेब नकाशावर बरोबर मध्य काढून ठेवत. तिथे एखादा दगड बघून दोघं बसत, थर्मासमधला चहा पीत. मग बाई गाडीची चावी साहेबांच्या हातात देत, आणि एक इकडे, एक तिकडे. साहेब गाडीपर्यंत पोचले की वळसा घालून बाईंना घ्यायला जात. एकत्र फिरायला निघालेलं हे जोडपं एकत्र असं फक्त चहापुरतं असे.

आजच्या चढावर साहेबांनी भाषण तयार केलं. आधी वय, मग गुडघा, आणि शेवटी हृदयाला हात घालायला घरचा नळ. उघडला की पाणी येतं असा नळ.

बाई आधीच दगडावर बसल्या होत्या. मुख्याध्यापिका म्हणून त्या नुसत्या व्हरांड्यात उभ्या राहिल्या तरी शाळा चिडीचूप होत असे.

“दमलात?”

“छे! मी?” साहेबांनी भाषणाचा पहिला मुद्दा स्वतःच निकालात काढला.

चहा संपला. बाई समुद्राकडे बघत म्हणाल्या, “मला जरा बोलायचंय तुमच्याशी.”

लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला हे वाक्य ऐकून बसवत नाही. “संध्याकाळी बोलू, ऊन वाढतंय,” म्हणत साहेब उठले, टोपी कानांवर ओढली आणि गुडघा विसरून उतरणीला लागले.

गाडी दिसली तेव्हा त्यांना गहिवरून आलं. खिसा चाचपला. दुसरा चाचपला. मग काचेला नाक लावून त्यांनी आतल्या उशीकडे बराच वेळ बघितलं.

फोनला रेंज नव्हती. बाई त्या टोकाला आपली वाट बघणार, आपण या टोकाला बाईंची बघणार, आणि उरलेला संसार असाच पार पडणार. साहेबांनी एक शिवी घातली, ती नेमकी कोणाला हे न ठरवता, आणि ते पुन्हा चढू लागले. गेलेल्याच वाटेने.

बाई दगडावरच होत्या. चावी शेजारी ठेवलेली.

“विसरलीस?” साहेबांना धाप लागली होती.

“विसरेन कशी? दोन हाका मारल्या. तुम्ही टोपीत.”

“मग तिसरी मारायची!”

“नाही मारली. बोलायचंय म्हटलं की पळता तुम्ही. आता पळून दाखवा.”

साहेब खाली बसले. पळायची सोय पायांत उरली नव्हती. भाषण आठवेना. नळ तेवढा आठवत होता.

“घरी होतो तेव्हा,” बाई म्हणाल्या, “तुम्ही बाहेरच्या खोलीतून ओरडायचात, अगं ऐकतेस का. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत कधी आला नाहीत. मीही आतूनच उत्तर द्यायचे. सगळा संसार असा भिंतीतून झाला. आणि इथे तुम्ही रोज डोंगर चढून येता. गुडघा धरत, तोंड वाकडं करत, पण येता. लांबून तुमची टोपी दिसली की मला... जाऊ दे.” त्यांनी थर्मासचं झाकण उगीचच घट्ट केलं. “भाडेकरूला वर्षभर राहा म्हणून सांगावं, असं माझ्या मनात आहे. तुमचं काय?”

आपण रोज यायचो ते चावीसाठी, हे सांगायची ही वेळ नव्हती. आणि ते पूर्ण खरं आहे का, याचीही साहेबांना आता खात्री वाटेना. मग त्यांनी चावी उचलली.

“सांग त्याला राहा म्हणून.”

बाई दगडावर जरा सरकून बसल्या.

“फक्त एक कर,” साहेब गुडघा चोळत म्हणाले, “उद्यापासून मध्य जरा माझ्या बाजूला घेऊ या का?”