वरच्या मजल्यावरची मुलगी

ब्लायकरबाईंनी दार उघडलं आणि ओर्नेल्ला घरून घोकून आणलेलं पहिलंच वाक्य विसरली. अर्धशतक जिच्या नावाने बोटं मोडली, ती बाई आता तिच्या खांद्यालाही लागत नव्हती.

"या. घंटा वाजेपर्यंत कळलंच नाही कोणी जिना चढतंय म्हणून," म्हातारी म्हणाली. "पुढच्या महिन्यात पाडताहेत इमारत. रोज कोणी ना कोणी शेवटचं बघून जातं."

"आम्ही तुमच्या बरोब्बर वर राहायचो. इटलीतल्या लेच्चेहून आलेलो. बाबा गवंडी, मम्मा सूतगिरणीत."

म्हातारीने तिला नीट निरखून पाहिलं आणि दार सताड उघडलं.

स्वयंपाकघरात टोमॅटोत लसूण शिजत होता. शेजारी छोटी इटालियन किटली कॉफीसाठी गुरगुरत होती. भांडायला आलेल्या ओर्नेल्लाला त्या वासाने भलत्याच वेळी भरून आलं. एके काळी याच वासावरून या जिन्यात नाकं मुरडली जायची. रविवारी बाबा बुटांवरचं सिमेंट खरवडत बसायचे, मम्मा गुणगुणत कढई ढवळायची, आणि विंटरथूर या स्विस शहरातली ती एक खोली घटकाभर लेच्चे होऊन जायची. किती सुंदर होते ते रविवार! बाकीचे दिवस मात्र दाराला बाहेरून कुलूप. हंगामी मजुरांना मुलं सोबत आणायला बंदी होती, त्यामुळे कागदोपत्री ओर्नेल्ला या देशात नव्हतीच. दिवसभर पायात दोन-दोन मोजे घालून चवड्यांवर चालायचं. हसू आलंच तर उशीत तोंड खुपसायचं.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. आवाज जरा चढलाच. "एका लहान पोरीवर एवढा कसला राग होता तुमचा? तुम्ही छताला झाडूचा दांडा आपटायच्या, आणि लगेच आमच्या दारात कोणीतरी हजर. कधी घरमालकाचा माणूस, कधी परक्यांची तपासणी करणारे पोलीस. दर वेळी! मम्माला मी कधी सांगितलं नाही, ती भीतीनेच मेली असती."

"आणि दांडा वाजला की तू काय करायचीस?"

"काय करणार? पलंगाखाली शिरायचे. श्वास रोखून."

"मग?"

"मग काय मग? घंटा वाजवून वाजवून जायचे निघून."

"मग बरोबर," म्हातारी म्हणाली आणि तिने दोन कपांत कॉफी ओतली. "या खिडकीतून सगळा रस्ता दिसतो. कोपऱ्यावर टोपी दिसली की मी झाडू घ्यायचे."

ओर्नेल्लाने छताकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही मला सावध करत होता?"

"नाहीतर काय! छताला दांडा आपटून पोलीस येतात होय गं? त्यांना फोन करावा लागतो."

"अहो, मग मम्माला सांगायचं तरी!"

"कुठल्या भाषेत? आणि सांगितलं असतं, तर त्याच दिवशी तिने तुला उचलून गाशा गुंडाळला असता. माझा नवरा 'परके हाकला' म्हणणाऱ्यांतला. सत्तर सालच्या सार्वमतात त्याने तसं मतसुद्धा दिलं. आम्हा बायकांना इथे तेव्हा मताचा हक्क कुठे होता? माझ्याकडे झाडू होता."

एवढी वर्षं जपलेला राग आता ठेवायचा कुठे, ते ओर्नेल्लाला कळेना. मम्मा याच वसंतात गेली होती. हे ऐकून ती काय हसली असती, काय रडली असती, आणि मग टोमॅटोचं पातेलं घेऊन खाली धावली असती.

जिन्यातून पोरं धडधडत उतरली. तळमजल्यावरच्या अल्बेनियन कुटुंबातली. आपसात अल्बेनियन, आणि शिव्या मात्र अस्सल इथल्या बोलीत. म्हातारी आवाज विरेपर्यंत ऐकत बसली.

"नुसते हत्ती आहेत! बरं वाटतं," ती म्हणाली. "तुझं एक पाऊल कधी ऐकू आलं नाही. कुलूप लावताना तुझी आई दाराला तोंड लावून काहीतरी पुटपुटायची, त्यावरून मला अंदाज. कधी कधी वाटायचं, खरंच आहे का कोणी वर? एकदा खुर्चीवर चढून छताला कान लावला होता मी."

ओर्नेल्लाने डोळे पुसले. म्हातारीने कप खाली ठेवला.

"वरची माणसं गेली सोडून. दार उघडंच आहे. जा."

"कशाला?"

"पळ जरा. मला ऐकायचंय."

"बाई, साठीला आले मी! गुडघे बघा माझे."

"माझे चौऱ्याऐंशीचे आहेत. मी काही म्हटलं?"

वरची खोली आठवणीतल्यापेक्षा फारच लहान निघाली. जमिनीवर त्याच तपकिरी फळ्या, त्यांवर दुपारचं ऊन. ओर्नेल्ला कितीतरी वेळ नुसती उंबऱ्यात उभी राहिली. मग तिने पर्स खाली ठेवली, डोळे मिटले आणि पळत सुटली. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, पुन्हा खिडकीपर्यंत. छाती धपापू लागली, केस सुटले, गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती. शेवटी दम लागून तिने खिडकीची चौकट धरली. टाचा अजूनही जमिनीला टेकल्या नव्हत्या.

खालच्या खिडकीतून ब्लायकरबाईंची हाक आली.

"अगं पोरी, सुरुवात कधी करणार आहेस?"