हिस्सा

"पप्पा, शेतात माझा हिस्सा किती?"

सुदर्शनचं वल्हं पाण्यावर थबकलं. करमाडच्या पुढच्या त्या तलावावर चिटपाखरू नव्हतं. दिवाळी तोंडावर आली होती, ऊन मात्र चटके देत होतं. भाड्याच्या कॅनूत बापलेक दोघंच होते. राजनंदिनीनं मुद्दाम तलावाचा मध्य गाठला होता. हा प्रश्न बापाला विचारायची तुझी छातीच नाही, असं अपेक्षा आणि संस्कृती या मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं. घरात विचारला असता तर पप्पा चपला घालून चालते झाले असते. इथून कुठं जातात?

"कुणी शिकवलं हे?" त्यांनी मान न वळवता विचारलं. ते पुढं बसले होते, ती मागं. सुट्टीतल्या शिबिरात ती वल्हवायला शिकली, तेव्हापासून तिला एक पक्कं ठाऊक होतं. पुढचा नुसता जोर लावतो, नाव कुठं जायची ते मागचा ठरवतो.

"शिकवायचं काय त्यात? कायदा हाय. भावाला, शिवमला जेवढा, तेवढा मला."

"आत्यावर गेलीस. तिनं कायदा काढला, तवा माहेर तुटलं तिचं."

ही गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. आत्यानं जमिनीवरचा हक्क सोडायला नकार दिला, सख्ख्या भावाला कोर्टाची भीती घातली, म्हणून येणंजाणं बंद. मम्मी त्यावर हमखास म्हणायची, बाईच्या जातीनं सही देऊन टाकावी, माहेर शाबूत राहतं. तिनं स्वतःची कधीच दिली होती.

राजनंदिनीनं वल्हं खोल घातलं. कॅनूचं तोंड पलीकडच्या काठाकडं वळलं. तिकडं आत्याचं गाव होतं.

"कुठं चाललीस?"

"आत्याकडं. तिलाच विचारते."

"वळव."

"नाय वळवत."

"एक ठेवून दिली ना, नंदे..."

"द्या की. पण मागं वळावं लागंल. पोहता येतं का?"

सुदर्शननं आडवं वल्हं घालून नाव अडवायला बघितलं. नाव डुचमळली, पाणी आत आलं, त्यांची पँट भिजली.  मग वल्हीच भांडत राहिली, आणि तिचं वल्हं जिंकत गेलं.

काठ जवळ आला. उतारावर एक बाई कापूस वेचत होती. ती ताठ झाली. तिनं डोळ्यांवर हात धरला, बराच वेळ बघितलं.

"सुद्या," ती ओरडली, "एवढ्या उन्हात उघड्या डोक्यानं का रं फिरतो?"

सुदर्शननं मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

"वळव नंदिनी. तुझ्या पाया पडतो."

असा आवाज तिनं त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिचं वल्हं थांबलं.

"आक्कानं सही दिली व्हती," ते पाण्याकडं बघत बोलले. "मागितली तशी दिली. चहा बी उकळला नव्हता. मग रोडकडच्या जमिनीला भाव आला, ती इकली, आपला बंगला झाला. आक्का तिथंच पत्र्याखाली. त्या पत्र्याखाली बसून ओवाळून कसं घ्यायचं?"

"आणि कोर्टाचं?"

"ते मीच उठवलं. न जायला कायतरी कारण लागतं ना लोकांत."

 राजनंदिनीनं वल्हं उंच धरून काठावरच्या बाईला दाखवलं, आणि नाव वळवली. पाठीमागून हाक येत राहिली. चहा तरी घेऊन जा, आत्या म्हणत होती.

अलीकडच्या काठावर मम्मी सतरंजीवर डबे मांडून बसली होती. "काय वाजलं तुमचं? इथवर आवाज येत व्हता," ती म्हणाली. सुदर्शन ओल्या पँटनं तसेच उभे राहिले. राजनंदिनीनं एकटीनं कॅनू चिखलातून वर ओढली आणि हात झटकले.

"दोघं बी ऐका. मी सही कधीच देणार नाय. शिवमला दर भाऊबीजेला माझ्या घरी येता आलं पाहिजे."